किशनराव लांगऱ्याची चौकडी

निलंग्याहून औरादकडं जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका वाडीत किशनराव फौजी राहतात. वय बावन्न, मिशा अजून काळ्या, चाल अजून ताठ. रोज संध्याकाळी सात वाजले की हा माणूस मोबाइल घेऊन स्लॅबवर चढायचा, कारण वाडीत रेंज येते ती तिथंच. कानात वायर घालायचा आणि तासभर ओरडायचा. "मलप्पा, थांब म्हणलो ना! एकटा घुसू नको!" "ऋतुजा, उगवतीच्या अंगाला बघ, झाडाखाली कोण बसलंय?" रस्त्यानं जाणारा माणूस वर बघायचा, गालात हसायचा आणि पुढं जायचा. त्यांची बायको कस्तुराबाई अंगणातून तोंड सोडायची, "सुरू झाली बगा लढाई! गुडघं वाजायला लागले, अन् हे मोबाइलवर बंदुका उडवायले!"

गेम तशी साधी. चार-चार जणांच्या टोळ्या विमानातून एका बेटावर उड्या टाकतात, घराघरांतून बंदुका, गोळ्या, मलमपट्ट्या हुडकतात, एकमेकांना मारतात, आणि शेवटी जी टोळी उरते ती जिंकली. हे खूळ लावलं त्यांच्या मुलानं, शिवमनं. नोकरीला पुण्याला जाताना त्यानं जुना मोबाइल बापाला दिला आणि टोळीतली आपली जागाही दिली. म्हणाला, "बाबा, तुम्ही फौजी हाव. माझे दोस्त हायेत, खेळा त्यांच्यासंगं." दोस्त म्हणजे मोबाइलवरचेच, तोंड कुणी कुणाचं बघितलेलं नाही. ऋतुजा लातुरात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. मलप्पा सीमेवरच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर, राग आला की कानडीत शिव्या देणारा. आणि तिसरा अश्वजित, नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकणारा.

खरं सांगायचं तर किशनराव दुसऱ्याच दिवशी हे सोडून देणार होते. बोटं जाड, एक दाबायला जावं तर दुसरंच दाबलं जायचं. पण अश्वजित कानात बोलला, "काका, थांबा, मी तुमच्याकडंच येऊन राहिलो," आणि किशनरावांची बोटं जागच्या जागी थांबली. "येऊन राहिलो, करून राहिलो" हे नांदेडकडचं बोलणं त्यांनी सतरा वर्षांत इतक्या जवळून ऐकलं नव्हतं. असं बोलायचा तो लिंबाजी.

आता लिंबाजीचं सांगितलंच पाहिजे, कारण किशनरावांनी ते कुणालाच सांगितलेलं नाही, कस्तुराबाईलासुद्धा नाही. गावाला किशनराव फौजी म्हणून माहीत. बावीस वर्षं नोकरी केली हे खरं, बर्फात राहिले हेही खरं, पण बंदूक घेऊन नाही. ते लांगरी होते, म्हणजे पलटणीचे स्वयंपाकी. पहाटे तीनशे पुऱ्या तळायच्या, दुपारी डाळ-भात, संध्याकाळी पुन्हा चूल. लग्नात कस्तुराबाईच्या माहेरी सांगितलं होतं, पोरगा बंदूकवाला आहे. खरं कळल्यावर ती दोन दिवस बोलली नव्हती. मग तिनंच ताकीद दिली, "गावात तोंडातून काढू नका. अन् माझ्या घरात चुलीपाशी उभं ऱ्हाऊ नका. लोक हसतेत." तेव्हापासून शे-दीडशे माणसांचं रांधणारा हा गडी घरात स्वतःचा चहासुद्धा करत नाही.

लिंबाजी नायगावकडचा, वीस-एकवीस वर्षांचं पोर. सगळ्या पलटणीत मराठी बोलणारे हे दोघंच. त्याला तांदूळ गोड लागेना, गव्हाची पोळी गिळवेना. "किशनदा, भाकर करून घाल ना रे एकदा." किशनराव सुट्टीवरून येताना ट्रंकेत ज्वारीचं पीठ आणायचे आणि आठवड्यातून एकदा या पोराला दोन भाकरी थापून द्यायचे. एका सकाळी लिंबाजी गस्तीवर निघाला. पीठ मळून तयार होतं, तवा तापायचा होता. तो चुलीपाशी घुटमळला. किशनराव म्हणाले, "जा, जाऊन ये. आल्यावर गरम गरम खा." त्या दिवशी बर्फाचा कडा खाली आला. गस्तीवर गेलेले दहा, परत आले नऊ. ते पीठ किशनरावांनी तसंच झाकून ठेवलं, तिसऱ्या दिवशी त्यालाच वास यायला लागला.

निलंग्याहून नायगाव पाच-सहा तासांचा रस्ता. पण एकोणीस वर्षांत किशनराव तिकडं फिरकले नाहीत. त्यांना पक्कं ठाऊक होतं, त्या पोराची आई पहिलं काय विचारील. आपल्याकडची कुठलीही आई तेच विचारते. जेवून गेलं व्हतं का माझं लेकरू? आणि जेवण ज्याच्या हातात होतं, तोच तिच्यासमोर उभा असणार.

तर हा असा माणूस त्या चौकडीत आला. आठवडाभर नुसता बघत राहिला. मलप्पा एकटाच घरात घुसायचा आणि मरायचा. अश्वजित जीप घेऊन सुसाट, मागं कोण राहिलं याची शुद्ध नाही. ऋतुजा पट्ट्या गोळा करत बसायची आणि कुणाला द्यायची नाही. आठव्या दिवशी किशनराव म्हणाले, "एक बोलू का?" लंगरात, पलटणीच्या चुलीपाशी, बावीस वर्षं उभं राहून त्यांना एक कळलं होतं. माणूस कसा लढेल ते त्याच्या ताटावरून कळतं. कोण दुसऱ्याला देऊन खातो, कोण हावऱ्यागत भरून घेतो, कोण भूक असून नाही म्हणतो. त्यांनी तेच इथं लावलं. पाऊल उचलायच्या आधी विचारायचं, गोळ्या कुणाकडं कमी हायत, पट्टी कुणाकडं न्हाई? ज्याच्याकडं जास्त, त्यानं द्यायचं. मलप्पा गरम डोक्याचा, त्याला पुढं ठेवलं, पण "जा" म्हटल्याशिवाय जायचं नाही या बोलीवर. ऋतुजाला दम फार, म्हणून तिला लांब पल्ल्याची बंदूक देऊन उंचावर बसवलं. नकाशा आणि जीप अश्वजितकडं. बोलणार एकच, बाकीच्यांनी जे दिसलं तेवढं सांगायचं, कालवा करायचा नाही. आणि कुणी पडला तर आधी त्याला उचलायचं.

"उस्ताद, आपल्याला जिंकायचंय का दवाखाना चालवायचाय?" मलप्पा करवादायचा. एव्हाना काकांचे उस्ताद झाले होते.

"उचल आधी. मग बोलू."

हरले की बाकीच्या टोळ्यांत एकमेकांच्या आईबापांचा उद्धार सुरू व्हायचा. इथं किशनराव म्हणायचे, "चूक माझी. मी उशिरा सांगितलं." आता असं म्हटल्यावर कोण भांडणार? दोन महिन्यांत ही चौकडी पहिल्या दहात यायला लागली, सहा महिन्यांत जिंकायला. किशनरावांच्या नावावर मारलेले गडी म्हणाल तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण ते नसले की तिघं पहिल्या पाच मिनिटांत खलास. आणि गेम संपली तरी कुणी जायचं नाही. ऋतुजानं स्थळ नाकारायचं का नाही हे त्यांना विचारलं. गणितात तिसऱ्यांदा नापास झाल्यावर अश्वजित त्यांच्याच कानात रडला, घरी सांगायच्या आधी. शिवमचा फोन पंधरा दिवसांतून यायचा. ही तीन पोरं रोज यायची. सात वाजायची वाट बघत किशनरावांचा दिवस जायचा, खोटं कशाला बोला.

पण ते खोटं बोलले होते, तिथंच सगळी मेख. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात अश्वजितनं विचारलं, "उस्ताद, फौजेत तुमच्या हाताखाली किती होते?" तिघंही कान देऊन बसलेले. किशनरावांच्या जिभेवर लांगरी हा शब्द आला आणि तिथंच अडला. म्हणाले, "सेक्शन व्हतं. धा जण." झालं! त्या दिवसापासून ते सेक्शन कमांडर. मग एक खोटं झाकायला दुसरं. सगळ्यांत वाईट म्हणजे, ज्याच्या आठवणीनं ते अश्वजितचा आवाज ऐकत बसायचे, त्या लिंबाजीचं नाव काढायची सोय राहिली नाही. लिंबाजी निघाला की भाकरी निघणार, भाकरी निघाली की चूल. पोरांना कळलं की स्वयंपाक्याचा हुकूम ऐकत होतो, तर उद्या सातला कोण येईल? हीच धास्ती दोन वर्षं त्यांच्या छातीवर बसली होती.

मग मार्गशीर्षात अश्वजितनं सांगितलं, बंगळुरूला नोकरी लागली, आठ दिवसांत जायचं. ऋतुजा म्हणाली, "उस्ताद, येळवसला लातूर सगळं बंदच असतंय. आम्ही तुमच्या शेतात येतो. एकदा तोंड तरी बघू दे एकमेकांचं."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. शेतात कडब्याची कोप उभारायची, पूजा करायची, आणि बेसन लावलेल्या मिसळ भाज्यांची भज्जी, भाकरी, बाजरीचे उकडलेले उंडे, ताकातली आंबील असं पोट फुटेस्तोवर खायचं, खाऊ घालायचं. ज्याला शेत नाही त्याला बोलवायचं. वाटेनं जाणाऱ्याला हाताला धरून आणायचं. शेतातून त्या दिवशी कुणी उपाशी गेला तर मालकानं तोंड दाखवू नये. किशनराव "या" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

कस्तुराबाईनं पंचवीस माणसांचं केलं होतं. ऋतुजा आणि अश्वजित सकाळच्या गाडीनं आले. ऋतुजानं वाकून नमस्कार केला. अश्वजित उंच, किडकिडीत, चष्मेवाला निघाला, लिंबाजीसारखा जराही नाही. पण तोंड उघडलं, "उस्ताद, आम्ही कवापासून शोधून राहिलो तुमचं शेत," आणि किशनरावांना नजर दुसरीकडं वळवावी लागली. त्यानं एक चौकट आणली होती. चौघांची गेममधली चित्रं, आणि खाली सुबक अक्षरांत "आमचे सेक्शन कमांडर". शेजारच्या शेतातले ईश्वरप्पा म्हातारे ती हातात घेऊन मोठ्यानं वाचायला लागले. किशनराव म्हणाले, "ठिवा तिकडं कोपीत."

बाराच्या सुमाराला मलप्पा आला. दोन जीपा भरून आला! वजनकाट्यावरची अख्खी पाळी, वर उसाच्या गाड्यांचे ड्रायव्हर, तीस तरी माणूस. जीपमधून उतरून हात पसरून म्हणतो, "उस्ताद, येळवसला माणसं मोजून आणायची का?" त्याचंही चूक नव्हतं. त्याच्या गावात असंच चालतं.

कस्तुराबाईनं टोपलं उघडून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "आंबील पुरंल वो," ती दबक्या आवाजात म्हणाली, "पर भाकरी? भज्जी? आता कसं करू म्या? आब्रू गेली म्हणा की आज!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

किशनराव कोपीपाशी उभे होते. एकवार त्यांनी माणसांवरून नजर फिरवली. पंचावन्न ते साठ. मग शर्टाच्या बाह्या कोपरावर सरकवल्या.

"मलप्पा! जीप घे, वाडीतून दहा किलो तांदूळ, तीन किलो तुरीची डाळ, बेसन, कांदं, तेल, मीठ-तिखट. वीस मिंटांत. अश्वजित, तीन मोठं धोंडं अन् सरपण. वारा मावळतीचा हाय, चुलीचं तोंड तिकडं कर. ऋतुजा, कांदा तू. ईश्वरप्पा, तुमच्या लेकीच्या लग्नातलं थोरलं पातेलं आना." आवाज तोच, रोज सातचा. तिघं पळाली. मागून साखर कारखान्याचे ड्रायव्हरही पळाले, त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं.

किशनराव चुलीपाशी बसले. दहा वर्षांनी बसले. फोडणी टाकली, तशी बांधावरची बायामाणसं उठून बघायला आली. मीठ मुठीनं, तिखट मुठीनं, चव न घेता. आधणाच्या आवाजावरून पाण्याचा अंदाज. एकीकडं खिचडी, दुसरीकडं बेसनाचं पिठलं. सव्वा तासात पंगत बसली. पहिला घास घेतल्यावर ईश्वरप्पांनी मान हलवली, आणि मग अख्ख्या शिवारासमोर विचारलं, "फौजी, बंदूकवाल्याला हे कुठनं येतंय वो?"

कस्तुराबाईनं नवऱ्याकडं बघितलं. नको म्हणून मान हलवली.

"बंदूक न्हवती, अप्पा," किशनराव म्हणाले. "लांगरी व्हतो मी. बावीस वर्षं हेच केलं."

एक-दोघं फिसकन हसले. मलप्पानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि ताट पुढं केलं. "मग वाढा की उस्ताद! पिठलं वाढा. ह्याच्यापुढं सेक्शन काय चीज हाय!" सगळी पंगत हसली. ऋतुजाही हसली, डोळे पुसत हसली. कस्तुराबाईनं बोटभर पिठलं चाखलं आणि तशीच उभी राहिली. सव्वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या हातचं तिनं पहिल्यांदा खाल्लं होतं.

अश्वजितनं मात्र ताट तसंच ठेवलं.

चारच्या गाडीला सोडायला किशनराव फाट्यापर्यंत गेले. ऋतुजा आणि मलप्पा पुढं, हे दोघं मागं. पोरगा म्हणाला, "लांगरी असल्याचं काही नाही उस्ताद. माझा बाप हमाली करते. पण मी नापास झालो ते तुम्हाला पहिलं सांगितलं. आणि तुम्ही दोन वर्षं..."

"सांगितलं असतं तर तुमी दुसऱ्या दिवशी आला नसता."

"कोण म्हणते?"

चालता चालता किशनरावांनी लिंबाजीचं सांगितलं. भाकरीचं, तव्याचं, मळून ठेवलेल्या पिठाचं. आईच्या प्रश्नाचंही. "तुझं बोलणं त्याच्यागत हाय," ते म्हणाले. "त्यासाठीच टिकलो मी ह्या खेळात. तू जायलास, अन् मला आज तो दुसऱ्यांदा जायलाय असं वाटायलंय."

लातूरची गाडी आली. ऋतुजा चढली. अश्वजितनं पायरीवर पाय ठेवला आणि मागं वळला. "त्याची माय हाय का अजून?"

"ठाव न्हाई. पंचफुला नाव."

"एकोणीस वर्षं ठाव नाही? आम्हाला एका मोबाइलमधल्या बाहुलीला सोडून पुढं जाऊ दिलं नाही तुम्ही!" कंडक्टर ओरडायला लागला. अश्वजित दारातून हलेना. "रात्री माझ्या खोलीवर ऱ्हाऊ. सकाळी नायगाव. चढा."

"आरं, अंगावर पिठाचे कपडे..."

"चढा म्हणून राहिलो ना!"

किशनराव चढले. फाट्यावर उभा राहिलेला मलप्पा ओरडला, "मावशीला शेतात जाऊन सांगतो मी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी नायगावहून पुढं टमटमनं एका खेड्यात, विचारत विचारत दोघं एका दोन खोल्यांच्या घरापुढं आले. ओसरीत भिंतीवर वर्दीतला लिंबाजी. खाली एक म्हातारी तूर निवडत बसलेली. तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. अश्वजित मुद्दाम मागं थांबला.

"माय, मी लिंबाजीच्या पलटणीत व्हतो," किशनराव म्हणाले. "लांगरी. जेवण करायचो सगळ्यांचं."

म्हातारीचे हात सुपात थांबले. "मंग तुमाले ठावं असंल. सायेब आले, कागद आले, पेटी आली. पर हे कोनीच सांगितलं न्हाई. खाऊन गेला व्हता का माझा बाबू?"

"न्हाई माय. उपाशी गेला. पीठ मळलेलं व्हतं. मीच म्हणलो, आल्यावर खा."

तिनं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. किशनरावांना वाटलं, आता ही शिव्याशाप देईल, आणि देऊ दे.

"तुमी किशनदा का?"

त्यांनी मान हलवली.

"चिठ्ठीत तुमचंच नाव ऱ्हायचं. 'किशनदा भाकर करून घालून राहिला, माय, तू काळजी नको करू.' तो गेल्यावर म्या म्हणलं, सायेब गेले तर जाऊ द्या, हा मानूस येईल. दिवाळीला येईल म्हणलं. मंग उन्हाळ्यात येईल म्हणलं." तिनं सूप बाजूला सरकवलं आणि त्यांना बसायला जागा केली. "लई वाट पाह्यली बाबा तुमची. लई उशीर केला."